तीन वॉशर

"प्लग द्या एक," म्हणतात,
काडेपेटी मागावी तसं.
मी विचारते, कशाचा?
"जनरेटरचा."
कुठला जनरेटर?
"लाल."

खानापूर तालुक्यात
निम्मे जनरेटर लाल आहेत.
म्हणून सांगते, जुना काढून आणा,
नुसतं तोंडी सांगून
चप्पलसुद्धा मापाची मिळत नाही.

मग घेऊन येतात. रुमालात, गुटख्याच्या पुडीत,
एका बाईंनी तर जेवणाच्या डब्यात आणला होता,
भाकरीच्या वरच्या कप्प्यात.
मी दारात जाऊन उजेडात धरते.
टोक चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असलं
तर इंजिन सुखात आहे, प्लग तेवढा म्हातारा झाला.
काजळी धरलेली असली तर विचारते,
चोक ओढलेलाच ठेवता काय हो?
सगळे नाही म्हणतात.
तेलानं ओला आला की मी गप्प बसते थोडा वेळ,
कारण रिंगांचा खर्च
प्लग घ्यायला आलेल्या माणसाला
लगेच सांगवत नाही.

दुकानाच्या पाटीवर वर कानडी, खाली मराठी,
आणि प्लगच्या गळ्यावर बारीक नंबर.
नंबरावरून अजून तरी
जांबोटी क्रॉसला कुणी भांडलेलं नाही.
मल्लव्वा "एष्ट्री?" म्हणते, मी "एकशेवीस" म्हणते,
ती "भाळ आत्रीऽ" म्हणते, मी "शंभर दे" म्हणते.

काल सातेरी गुरव आला, हलशीकडचा.
"रात्री नाटक चालू होतं बघा,
तिसरा अंक. मशीन बंदच पडूलालं सारखं.
शेवटी बॅटऱ्या मारून मारून नायिकेला मारलं."
खिशातून प्लग काढून काउंटरवर ठेवला.

पाऊण इंच आट्याचा.
त्या मशीनला लागतो अर्धा इंच.
पाव इंच जास्त म्हणजे
पिस्टन वर येऊन त्याचं तोंड फोडणार,
पहिल्याच झटक्यात.
पण याच्या गळ्यात
तांब्याचे वॉशर होते, एकावर एक तीन,
कानशीनं घासून सारखे केलेले.

असं घासणारा माणूस एकच होता.

"हा कुणी दिला?" मी उगाच विचारलं.
"तुमच्या अप्पांनी की. सहा वर्षं झाली.
तेव्हाही नाटकच होतं.
बरोबरचा प्लग नव्हता दुकानात, बेळगावची शेवटची गाडी गेलेली.
म्हणाले, आजची रात्र काढ, उद्या येऊन बदलून ने."

"मग?"
"मग चाललं की. कशाला बदलायचं?"

अप्पा मला शिकवताना म्हणायचे,
लांबी चुकवायची नाही,
बाकी एक वेळ चालवून घेईन.

मी खोक्यातून अर्ध्या इंचाचा काढला.
पत्ती घालून गॅप बघितला,
किंचित जास्त होता, फरशीवर हलकेच ठोकला,
परत बघितला. पत्ती
लोणी कापावं तशी सरकली नाही, थोडी अडली. तेवढंच हवं.
"हातानं आटे बसव आधी," म्हटलं,
"मग पाना. एकच वॉशर, त्याचा त्याला आहे."

"आणि वरचे दोन?"
"नकोत."
त्याचा विश्वास बसला नाही.
सहा वर्षं चाललेल्या चुकीपुढं
नवं कोरं बरोबर
माझ्याच हातात हलकं वाटत होतं.

पैसे दिले त्यानं. जाता जाता वळला.
"तो जुना द्या इकडं. असूंदे स्पेअरला."

खरं तर तो मला ठेवून घ्यायचा होता.
वॉशर तरी.

वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला,
तिन्ही वॉशरसकट,
आणि दिला.